जवळ ऐकू येणारं मशीन

सोलापूर, साखर पेठ
११ जानेवारी १९७४

चि. शिवयोगी यास जगदेवीअक्काचा आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. इतक्या वर्षांतलं पहिलं कार्ड, आणि त्यात लिहिलंस काय, तर "गिटारसाठी ॲम्प्लिफायर कुठला घ्यावा, अप्पांना विचारून कळव." मी कार्ड उलटून पाहिलं. म्हटलं, 'अक्का, कशी आहेस' हे पत्त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं असेल. नव्हतं. असो. आम्ही सगळे जिवंत आहोत. तुझे दाजी मिलमध्ये आहेत तिथंच आहेत. पीरसाब अजून आपलेच कर्णे झाडावर चढवतो आणि उतरताना अजून शिव्या देतो. सध्या तो गड्ड्यावर आहे, यात्रेत आपली दोन मशीनं लागली आहेत.

अप्पांना विचारायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल, आणि दुधनीच्या लग्नानंतर या घरात ते कुणी घेतलेलं नाही. तू गिटार वाजवतोस म्हणून ते रागावलेत असं तुला वाटतं ना? मग तू बापाला ओळखलंच नाहीस. राग आहे तो चालू मशीन सोडून उठलास त्याचा. मांडवातून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत माणसानं मशीनवरून उठायचं नाही, पाणी प्यायचं तरी दुसऱ्याला बसवून, हे तुला अप्पांनी मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं. आणि तू भर मंगलाष्टकात उठून दुधनी स्टेशनावर मुंबईची गाडी धरलीस. इकडे माइकनं शिट्टी धरली ती सुटेना. भटजींचं 'सावधान' कुणाला ऐकू येईना, अर्ध्या लोकांनी अक्षता आधीच टाकल्या, अर्ध्यांच्या मुठीतच राहिल्या. सिद्धप्पा साउंडवाल्याच्या मशीननं लग्न नासवलं, असं त्या बाजूला अजून म्हणतात. अप्पांनी मान खाली घालून कर्णे उतरवले. मी पाहिलं नाही, पीरसाबनं सांगितलं. मांडवात मी कुठली असणार!

म्हणून अप्पांना न विचारता मीच उत्तर देते. आणि खरं सांगू? विचारायचं तर मलाच विचारायला हवं होतंस. अप्पांचा हात आता थरथरतो. तू गेल्यापासून या दुकानातून निघालेलं प्रत्येक मशीन माझ्या हातचं आहे. ट्रान्सफॉर्मरची तार मी गुंडाळते, तारांना कथलाचे डाग मी देते, आणि गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीत मी जाते. अप्पा बाहेर सांगतात, "मीच केलंय." त्यांचाही नाइलाज आहे म्हणा, बाईच्या हातचं मशीन लग्नाला कोण नेईल? पण पंढरपूर रस्त्यापासून अक्कलकोटपर्यंत ज्या आवाजात लोक नाचतात तो आवाज माझा आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचा मला भारी अभिमान आहे. एकच राहिलंय. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत मशीनवर बसायचंय. हे तुला लिहिते, कारण इथं सांगितलं तर हसतील.

आता तुझे तीन ॲम्प्लिफायर. पहिला, विलायती, व्हॉल्व्हचा, कुणा खलाशाकडून येणारा. आवाज उत्तम असेल. पण तू लिहितोस की तो उचलायला दोन माणसं लागतात. तुमची ऑर्केस्ट्राची गाडी गावोगाव फिरणार, तेव्हा तू गिटार वाजवणार की हमाली करणार? दुसरा, ट्रान्झिस्टरचा, हलका. हलका खराच. तारेला जरा जोर दिलास की तो कर्रर करणार. आवाज वाढला तरी स्वच्छ राहायला हवा, हीच तर तुझी अट आहे. तिसरा तुझ्या मित्राचा जुना. त्याच्याबद्दल तू फक्त 'दिसायला छान' एवढंच लिहिलंस. दिसायला छान तर कर्णाही असतो, लांबून.

तेव्हा तिन्ही नकोत. मी करते. तुमचे मालक पाडव्यापर्यंत थांबतील असं लिहिलंयस, नाहीतर दुसरा गिटारवाला घेतील म्हणतात. पाडव्याआधी तुझ्या हातात देते. तू फक्त लॅमिंग्टन रोडवरून व्हॉल्व्ह पाठव, यादी मागे लिहिली आहे. शेवटचे दोन जोडीचे घे, दुकानदाराला तपासून द्यायला लाव. लाजू नको, खडसावून सांग.

तुझी अक्का

*

सोलापूर
२ फेब्रुवारी १९७४

शिवयोगी,

व्हॉल्व्ह पोचले, एकही फुटला नाही. सोबतची चिठ्ठी मात्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. "मुंबईच्या स्टेजवर सोलापूरचं मशीन पाहून लोक हसतील, पुढच्या बाजूला एखादं इंग्रजी नाव घालता येईल का?"

येईल की. तुझ्या कपाळावरही घालून देऊ का?

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. तुझ्या पहिल्या गिटारच्या तारांखाली सूर उचलणारा जो पिकप होता, टेलिफोनच्या मोडक्या रिसीव्हरातलं चुंबक घेऊन त्यावर केसाएवढी बारीक तार कुणी गुंडाळली होती? मधे तार तुटली म्हणून रडलास, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून कुणी गुंडाळली? त्यावर कुठलं इंग्रजी नाव होतं? तरी वाजला. तो वाजला म्हणून तू मुंबईला गेलास.

पुढच्या बाजूला मी काही लिहिणार नाही. कोरी ठेवीन. हसणाऱ्यांना आधी ऐकू दे, मग हसू दे.

अक्का

*

सोलापूर
९ मार्च १९७४

चि. शिवयोगी यास आशीर्वाद.

मशीन झालं. उद्या रात्रीच्या गाडीनं तुझे दाजी घेऊन निघतील. त्याआधी तुला सगळं सांगते, कारण ते तिथं येऊन 'बरं आहे' याच्यापलीकडे काही बोलणार नाहीत.

पहिल्यांदा माझी चांगलीच फजिती झाली. आपल्या घरची सवय तुला ठाऊक आहे. मशीन झालं की कर्णा जोडायचा, अक्कलकोट रस्त्याकडे तोंड करायचं आणि पीरसाबला सायकलवर पिटाळायचं. गाण्यातला शब्द जिथपर्यंत कळेल तिथपर्यंत मशीन पास. अप्पा इथं बसून बटण फिरवत ओरडणार, "इन्नू! इन्नू!" आणखी वाढव, आणखी. पुरे हा शब्द अप्पांना मराठीत येत नाही आणि कानडीतही येत नाही. तर मीही तेच केलं. अप्पा बार्शीला गेलेले पाहून तुझी जुनी गिटार माळ्यावरून काढली, कर्णा जोडला, दाजींना तारा छेडायला बसवलं आणि पीरसाबला पाठवलं.

पीरसाब घामाघूम होऊन आला. म्हणाला, "आवाज लई दूर तक आया बाई. पन पूरा फट को आया."

मी म्हटलं, "फाटला म्हणजे कसा?"

"अब क्या बोलू? सनई को सर्दी हुई सरीका."

मी चिडले. व्हॉल्व्हला दोष दिला, तुला दोष दिला, डाग पुन्हा दिले. आणखी जोर वाढवला. आणखी फाटला. दोन दिवस असे गेले, आणि मग दाजी, ज्यांना रेडिओचं बटणही नीट फिरवता येत नाही, ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "अगं, पन गिटार ऐकायला सायकलवरनं कशाला जायाचं? माणसं म्होरंच बसलेली असत्यात की."

मी हातातला घास तसाच धरून बसले. खरंच की! आपण सगळी हयात लांब ऐकू जाण्यासाठी मशीन करतो. तुला हवं आहे ते जवळ ऐकू येणारं. कर्णा आवाज लांब फेकतो, पण नाकात फेकतो. तुझ्या गिटारला तोंड हवं, नाक नको. कर्णा काढून टाकला आणि कागदी पडद्याचा मोठा गोल स्पीकर बसवला. दोन व्हॉल्व्ह जेवढं ओढू शकतात त्याच्या निम्मंच काम त्यांच्याकडून घेतलं. बैलाला अर्धंच ओझं घातलं की तो चढावरही धापा टाकत नाही, तसं. आणि शेवटचा ट्रान्सफॉर्मर नेहमीपेक्षा मोठा, मी स्वतः गुंडाळलेला. मग दाजींनी तार छेडली. शिवयोगी, काय सांगू! खोलीत कुणी पितळी घंगाळात पाण्याचा थेंब सोडावा तसा एकेक सूर. जोरात छेडलं तरी तसाच, फक्त मोठा. मी खरंच रडले. माझ्या हातानं असा आवाज कधी झाला नव्हता.

वजनाचं म्हणशील तर पेटी चहाच्या खोक्यांच्या प्लायवूडची केली आहे, कोपऱ्यांना पत्रा. वर ट्रंकेचा चामडी हात. दाजी ती एका हातात घेऊन स्टेशनापर्यंत चालत जाऊन आले, वाटेत हात बदलला नाही. बदलला असेल तर मला सांगितलं नाही. वरून घालायला चादरीची खोळ शिवली आहे, आपली सोलापुरी, निळी-पांढरी. ती फेकू नको.

आणखी एक. मागच्या बाजूला खटका आहे, त्याला चार घरं. मुंबईची मशीनं मुंबईच्या विजेवर वाढलेली. टेंभुर्णीत नाहीतर जेऊरला संध्याकाळी दिव्याची काय अवस्था होते ती त्यांना काय माहीत? दिवे मंद झाले की खटका एक घर पुढे सरकव, आवाज पुन्हा उभा राहील. दिवे उजळले की न विसरता मागे घे, नाहीतर व्हॉल्व्ह जातील. फिरतं मशीन ते, त्याला गावोगावचं पाणी मानवायला हवं.

तुझ्या जुन्या गिटारबद्दल एक सांगायचं राहिलं. माळ्यावर ती कापडात गुंडाळलेली होती आणि तारा सैल केलेल्या होत्या, मान वाकू नये म्हणून. मी केल्या नव्हत्या. दाजींना असलं काही कळत नाही. पीरसाब म्हणतो, "मेरे कू क्या पता!"

तुझी अक्का

*

सोलापूर
१८ एप्रिल १९७४

शिवयोगी,

मालकांनी तुला कायम केलं हे वाचून दुकानात सगळ्यांना पेढे दिले. अप्पांनी विचारलं, कशाचे? मी म्हटलं, एक मशीन पास झालं. त्यांनी दोन घेतले.

आता तुझ्या दुसऱ्या बातमीचं. तुमचा ऑर्केस्ट्रा चार मेला सोलापुरात, मिलच्या चाळीपुढच्या पटांगणात आहे, हे मला तुझ्याआधी माहीत होतं. कारण साउंड आपला आहे. चाळीच्या मंडळानं अप्पांना सांगितलंय आणि अप्पांनी होही म्हटलंय. ऑर्केस्ट्रात कोण वाजवतं हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, पण जाहिरातीवर तुझं नाव आहे आणि अप्पांना वाचता येतं.

तू लिहितोस की त्या दिवशी आजारी पडावंसं वाटतं. खुशाल पड. मग माझं मशीन तरी पाठव, ते भिणार नाही. एकदा उठून पळालास, तेव्हा तुझं कोवळं वय म्हणून मी तुझी बाजू घेतली. आता घेणार नाही.

अक्का

*

सोलापूर
६ मे १९७४

माझ्या शिवयोगीला,

रेल्वेचा संप होणार म्हणतात, म्हणून हे पत्र आजच पेटीत टाकते. तुमची गाडी कार्यक्रम संपताच गुलबर्ग्याला निघाली. तू कर्ण्यांकडे एकदा पाहिलंस, हात वर केल्यासारखा केलास आणि चढलास. रागावले नाही. मालक घाई करत होते ते मला दिसत होतं. पण तू स्टेजवर होतास, दिवे तुझ्या डोळ्यांत होते, त्यामुळे खाली काय झालं ते तुला दिसलं नाही. ते सांगते.

मी बायकांच्या बाजूला, मशीनच्या टेबलाजवळ बसले होते. मला तिथं बसू दिलं, कारण पीरसाबला ताप होता आणि अप्पांना तार धरायला कुणीतरी हवं होतं. तुझ्या पेटीपुढे माइक ठेवला होता, त्याचं बटण अप्पांच्या हाताखाली. पहिली गाणी गर्दीत गेली, गाणारी बाई, ढोलकी, पोरांच्या शिट्ट्या. अप्पा नेहमीसारखे, पुढे वाकून, मान ताठ. तुझ्याकडे पाहायचं नाही असं ठरवून बसलेला माणूस जसा बसतो तसे.

मग तुझं एकट्याचं वाजवणं आलं. तू सुरुवात केलीस आणि नेमके दिवे मंदावले. बाजूचे यंत्रमाग सुरू झाले असणार. आमचे कर्णे घोगरे झाले. मी मनात म्हटलं, खटका, अरे खटका! आणि तू न पाहता हात मागे नेलास आणि एक घर पुढे सरकवलास. माझं पत्र वाचलं होतंस तर. आवाज उभा राहिला.

अप्पांनी हे पाहिलं. मशीन कुणाचं, हे त्यांना तेव्हा कळलं की आधीपासून माहीत होतं, कोण जाणे. निळी-पांढरी खोळ स्टेजवरच पडली होती आणि ती आपल्या घरातल्या चादरीची आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. ते माझ्याकडे वळले.

"हे तू केलंयस?"

"व्हय."

"कर्णा न्हाय त्याला?"

"न्हाय अप्पा. त्ये जवळनं ऐकायचं हाय."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग आपल्या बटणावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, इन्नू. त्यांनी बटण मागे फिरवलं, फिरवत फिरवत पार शेवटपर्यंत, आणि म्हणाले, "साकु."

शिवयोगी, मी जन्मात त्यांच्या तोंडून 'पुरे' हा शब्द ऐकला नव्हता. झाडावरचे कर्णे गप्प झाले. पटांगणात फक्त तुझी गिटार आणि माझी पेटी. मागची माणसं "आवाज! आवाज!" म्हणून ओरडली. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग ओरडणारीच उठून पुढे सरकली. शिट्ट्या मारणारी पोरं स्टेजच्या कडेला येऊन बसली. तुला वाटलं असेल, लोक आपोआप गप्प झाले. ते तुला ऐकायला जवळ आले होते.

आणि मग अप्पा उठले.

मला वाटलं, तार सुटली असेल. तार सुटली नव्हती. त्यांनी धोतर झटकलं, टोपी नीट केली आणि मशीन चालू असताना टेबल सोडून चालू लागले. मी म्हटलं, "अप्पा, मशीन!" ते थांबले, पण वळले नाहीत. म्हणाले, "बस की तू. तुला येतं." आणि पुढे गेले. पोरांच्या मागे, जमिनीवर, मांडी घालून बसले. तू खाली पाहिलं असतंस तर तुझ्या पेटीसमोर, पोरांच्या डोक्यांमागे, पांढरी टोपी दिसली असती.

मी मशीनवर बसले. सगळ्या चाळीसमोर. मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले, एक बाई दुसरीला कोपरानं ढोसून दाखवत होती. पण बटणं माझ्या ओळखीची होती, मीच तर बसवली होती. तुझं संपलं, गाणारी बाई परत आली, तेव्हा मी कर्णे हळूहळू वर आणले. एकदाही शिट्टी धरू दिली नाही.

अप्पा परत आले तेव्हा मी उठायला लागले. त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि स्वतः कर्ण्याच्या खोक्यावर बसले. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी येऊन विचारलं, "सिद्धप्पा, ही पोरगी मशीनवर कशी काय?" अप्पा म्हणाले, "तिचंच मशीन हाय. म्होरचंबी आणि ह्येबी." एवढं मोठ्यानं म्हणाले की माझ्यासमोरच्या, सूचना द्यायच्या माइकनं ते उचललं आणि सगळ्या कर्ण्यांतून गेलं. तू गाडीत सामान चढवत होतास. तुला ऐकू आलं असेलच, आपले कर्णे लांब जातात.

घरी येताना टांग्यातही अप्पा कर्ण्याच्या खोक्यावरच बसले. मग अप्पा म्हणाले, "त्याला लिवतीस का तू?"

मी म्हटलं, "लिहिते."

"मग लिव, म्हातारा चालू मशीन सोडून उटला म्हनावं."

मी म्हटलं, "सोडून कुटं अप्पा? मशीनवर मी होते की."

त्यांनी जरा विचार केला. "व्हय," म्हणाले. "तेबी लिव."

म्हणून दोन्ही लिहिलं आहे.

तुझी अक्का,
जगदेवी, सिद्धप्पा साउंड सर्व्हिस